उघड्या बाटलीतलं रॉकेल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रिफायनरीचे महाव्यवस्थापक, मुलीचा हात धरून एवढा जिना चढून आलेले आपले थोरले साहेब, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई, पहिल्या रांगेत अवघडून बसलेले बाईंचे यजमान, आणि सगळ्या पाळ्यांमधल्या माझ्या बंधुभगिनींनो! जे आत्ता ड्युटीवर आहेत त्यांनाही माझा नमस्कार. तेल उकळणारा टॉवर काही कुणाच्या निरोपासाठी थांबत नाही.

मी टाक्यांवरचा माणूस. व्हॉल्व्ह फिरवायला सांगा, डोळे मिटून फिरवीन. भाषण मात्र आजवर कधी केलेलं नाही. पण बाईंबद्दल बोलायला मी हट्टाने पुढे आलोय, आणि त्याला कारण आहे. ते पुढे येईलच.

आधी सांगा, आपल्यापैकी किती जण बाईंच्या हाताखाली 'कार्बन' झालेत? बघा, अर्धं सभागृह हात वर करतंय! नवीन भरती झाली की बाई सगळ्यांना प्रयोगशाळेमागच्या मोकळ्या जागेत उभं करायच्या. "तू कार्बन. कार्बनला चार हात असतात. तुला दोनच आहेत, तर पाय वापर." मग चार जण हायड्रोजन होऊन त्याला चिकटायचे. झाला मिथेन. "पळा!" म्हटलं की ते पाच जण कसेबसे, पण पळायचे. मग बाई एका कार्बनला दुसरा जोडायच्या, दुसऱ्याला तिसरा, अशी डझनभर कार्बनची साखळी, भोवती हायड्रोजनचं लटांबर. "हे रॉकेल. आता पळा!" कसले पळताय? सगळे एकमेकांच्या अंगावर! बाई शांतपणे म्हणायच्या, "आणि याच्या तिप्पट लांब झालात की डांबर. मग तुम्ही जागचे हलतच नाही."

हसताय, पण कच्च्या तेलाची निम्मी विद्या त्यात आली की नाही? छोटी साखळी हलकी, लगेच उडून जाते. मोठी जड, तिला उकळायला भरपूर आच लागते. कच्च्या तेलात ही सगळी गर्दी एकत्र नांदत असते. तापवलं की टॉवरमध्ये गॅस आणि पेट्रोल वर, त्याखाली रॉकेल, मग डिझेल, आणि तळाशी डांबर. दोन कार्बननी एकमेकांचे दोन-दोन हात धरले तर काय होतं, तेही बाई सांगायच्या. "जोडी घट्ट दिसते, पण तिसरा कुणी आला की एक हात सोडून त्याला धरते." बाईंचे यजमान हसले, म्हणजे हा धडा घरीही झालेला दिसतो.

आता जरा नाजूक विषय. बाई, पाठीमागे तुम्हाला सगळे 'झाकणबाई' म्हणतात. तुम्हाला माहीत नाही असं कुणी समजू नये, बाईंना सगळं माहीत असतं. कुणाच्या हातात उघडी बाटली दिसली की आवाज आलाच, "झाकण!" आणि हे नाव का पडलं त्याची गोष्टही प्रत्येकाला पाठ आहे. बाई नव्या होत्या, कायम व्हायच्या होत्या, त्यांनी रॉकेलच्या नमुन्याची बाटली उघडी ठेवली, आणि नेमक्या थोरल्या साहेबांच्या निरोपाच्या दिवशी रॉकेल न्यायला आलेल्या टँकरच्या गाड्या अडकल्या. हीच गोष्ट ना? मी स्वतः कॅन्टीनमध्ये शंभरदा ऐकलीय.

ती गोष्ट खोटी आहे.

त्या दिवशी याच सभागृहात थोरल्या साहेबांचा निरोप समारंभ होता. तेव्हा ते प्रयोगशाळेचे प्रमुख. सकाळी टाकीतल्या रॉकेलचा नमुना त्यांच्या टेबलावर आला. साहेबांना नमुना हुंगायची सवय. त्यांनी झाकण काढलं, आणि तेवढ्यात लोक भेटायला आले. हस्तांदोलनं, पुष्पगुच्छ, चहा, फोटो. बाटली राहिली खिडकीजवळ, उन्हात, उघडी. दुपारी त्यांनी स्वतः तपासणी केली. वाटीतलं रॉकेल हळूहळू तापवायचं, वर ज्योत दाखवायची, आणि वाफ कधी पेटते ते बघायचं. वाफ उशिरा पेटली, म्हणजे माल चांगला. साहेबांनी सही केली आणि ते इकडे आले.

मागे राहिलेल्या बाईंना पुष्पगुच्छाखाली झाकण सापडलं. दुसरा कुणी असता तर झाकण लावून मोकळा झाला असता. बाईंनी पुढचा विचार केला. त्या रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळलं असेल तर? त्याच पाइपातून आधी पेट्रोल गेलं होतं. पेट्रोलची छोटी साखळी उघड्या बाटलीतून केव्हाच उडून गेलेली असणार, आणि तपासणी झाली ती उरलेल्या शहाण्या रॉकेलची! टाकीत मात्र पेट्रोल तसंच. ते रॉकेल घरोघरच्या स्टोव्हमध्ये जाणार होतं. कुणाची आई काडी ओढणार होती.

त्या दिवशी टाक्यांवर मी होतो. मला बोलावून म्हणाल्या, "टाकीवर चढ, ताजा नमुना आण, आणि गाड्यांना हात लावू देऊ नकोस." आणि स्वतः या सभागृहात आल्या. साहेबांचं कौतुक चाललं होतं, सगळे वरिष्ठ हजर. बाई व्यासपीठापाशी जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सर, माफ करा. माझ्याकडून बाटली उघडी राहिली. तपासणी परत करावी लागेल."

माझ्याकडून! ऐकलंत?

मी बाटली घेऊन प्रयोगशाळेत पोचलो, तेव्हा दोघं तिथे होते. साहेब म्हणत होते, "अगं, झाकण मी काढलं होतं." बाई म्हणाल्या, "सर, गाड्या उभ्या आहेत. आधी तपासणी." वाटी नीट तापलीही नव्हती, ज्योत जवळ नेली मात्र, फप्पकन पेटली! साहेबांनी सही खोडली, अख्खी टाकी अडवली. जाताना बाईंनी मला दम भरला, "बाहेर एक अक्षर बोललास तर याद राख." मी बोललो नाही. बाईंच्या दमाला कोण नाही म्हणणार?

साहेब सभागृहात परतले ते खरं सांगायलाच. पण तोवर वरिष्ठांनी माइकवरून जाहीर केलं होतं, की शेवटच्या दिवशीसुद्धा साहेबांनी समारंभ सोडून नवख्या मुलीची चूक निस्तरली! टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि साहेब ते कौतुक घेऊन खाली बसले. बाईंना कायम करणं वर्षभर लांबलं. वर हे नाव चिकटलं. त्यांनी ते सगळं मुकाट्याने सोसलं आणि आम्हाला झाकण लावायला शिकवत राहिल्या. याला काय म्हणायचं?

गेल्या आठवड्यात थोरल्या साहेबांनी मला घरी बोलावलं. म्हणाले, "मी गेल्यावर सांगितलंस तर काय उपयोग? मी समोर बसलेला असताना सांग. मोठेपणा मी घेतला आणि चूक त्या पोरीच्या पदरात टाकली. मला झोप लागत नाही रे." म्हणून मी हट्टाने माइक धरला.

बाई, मान हलवू नका. आजवर आम्ही तुमचं ऐकलं, आज तुम्ही आमचं ऐकायचं.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचा ऋणी आहे. जीभ घसरली असेल, कुठे कमीजास्त बोललो असेन, तर टाकीवरचा माणूस म्हणून पोटात घाला. आणि आता कृपा करून कुणी टाळ्या वाजवू नका, थोरल्या साहेबांचा आवाज फार बारीक झालाय.

या साहेब, सावकाश. बाई, तुम्ही उठू नका. ते तुमच्यापाशीच येताहेत.