तानुबाईच्या हातचा खराटा

सकाळी बरोब्बर साडेआठ वाजता, बाया हो, मोटार आमच्या फाट्यावर थांबली अन् गावाची दशा फिरली! काहून म्हनता? आमचे हे पोट्ट्याले घेऊन अकोल्याची प्रदर्शनी पाहून आले ना... तिथं म्हने एक खेळ. लाकडाची विलायती चेटकीन, डोक्यावर उंच काळी टोपी, अन् बसली कशावर? झाडूवर! आपला पाय लागला तं आपन झाडूले नमस्कार करतो, अन् हे मेली त्याच्यावर बसते! चेंडू मारा, पाडा, फुगा घ्या. आमच्या गोवर्धननं पाडली. हे वरून सांगते, 'निशाना पाहा पोट्ट्याचा!'

पाडली तं पाडली. पन दुसऱ्या दिवशी त्यानं पोट्टे जमवले, अन् खेळाले चेटकीन पाह्यजे ना... विहिरीपाशी तानुबाई साती आसराइचे, पान्यातल्या देव्याइचे, सात दगड झाडून राहिली होती. तानुबाई म्हंजे आमची सुईन हो! माह्याचसाठी आली बिचारी. मले नववा लागला, सुखानं सुटका व्हावी म्हनून शेंदूर, दहीभात... न्हाऊन आलेली, केस मोकळे, हातात खराटा. आता सांगा, बाईच्या हाती खराटा नाई तं काय तलवार असावी?

पह्यले चिंध्यांचा चेंडू होता. मंग ढेकूळ. मंग... जाऊ द्या. कपाळ फुटलं तिचं. मी धावली असती, पन हे पोट धावू देते का?

मोठ्याइनं पोट्ट्याइले झापावं का नाई? तं पारावरून रामराव म्हनते कसे, 'पोट्टे उगाच नाई मारत. माही म्हैस काहून आटली, आता समजलं!' सासू म्हनते, 'मलेही तिचा खराटा पाहून कसंतरीच व्हाये.' अवो, तुमच्या लेकाले तिनंच बाहेर काढलं ना! बाईच्या हाती खराटा नाई तं काय तलवार...

मोतीराम गुरुजी तेवढे बोलले, 'विलायतेतही अशाच म्हाताऱ्या होत्या. झऱ्याले, झाडाले हात जोडनाऱ्या, पाला-मुळी देनाऱ्या. ना टोपी, ना झाडूवर उडनं. लोकाइनंच चेटकीन ठरवल्या अन् फासावर दिल्या, जाळल्या. टोपी मागाहून खेळवाल्याइनं घातली.' मी सातवी शिकली, बाई, पन हे काई पुस्तकात नव्हतं. अन् रामराव इचारते काय? 'जाळल्यावर म्हशी पान्हावल्या का, गुरुजी?'

त्याच सांजेले तानुबाई मोर्शीले भावाकडं निघून गेली. आता पारावर रोज तेच बोलनं, अन् इकडं माह्या कंबरेत कालपासून कळ... सासू म्हनते, 'आता बोलवावं कोनाले वो?' आता! बाईच्या हाती खराटा... जाऊ द्या, बोलाचीही ताकद नाई.

मोर्शीकडं कोनी जात असन तं एवढा निरोप पोचवा: तानुबाई, ये वो माय. पोट्ट्याइले मी खोलीत कोंडून ठेवीन. मोठ्याइले कोंडाले मात्र गावात एवढी मोठी खोली नाई.