मिठाचा साबण

असोद्याच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोघी बसल्या होत्या.

"कोकिळा, तुझ्या पिशवीतून पारिजातकाचा वास येतोय गं."

"साबण आहे, अक्का. आईच्या दिवाळीच्या अंघोळीसाठी घरीच केला होता, मीठ घालून."

"मिठाचा? फुटत नाही का?"

"गार झाल्यावर कापला तर भुगा होतो. गरम असतानाच कापावा लागतो. मी कापत होते, तेवढ्यात आईचा फोन आला."

"मग?"

"म्हटलं, एवढ्या वड्या पाडते, मग करते. नंतर केला, तर शेजारणीने उचलला."

"माय वं! गेली?"

"हो. आता सुतकात साबणही लावता येत नाही."

"मग माहेरी नेतेस कशाला?"

"घरात ठेववत नाही, अक्का. एकही वडी तुटली नाही बघा."