छाती दाबायची नाही

— नाही, साखळी काढणार नाही. काय बोलायचं ते या फटीतून बोल. रुग्णवाहिका घेऊन आलास, जिने चढून धापा टाकतोयस, सगळं दिसतंय मला — पण आत माझे यजमान आहेत, आणि त्यांच्या छातीला आता कुणी हात लावणार नाही. कागद? विचारशील वाटलंच होतं. आहे ना कागद. हृदय थांबलं तर छाती दाबू नका, घशात नळी घालू नका — यांनी शुद्धीत सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी लिहून सही केली. पण तो इथं नाही. मुलगा घेऊन गेला. वकिलाला दाखवतो म्हणाला, आणि तेव्हापासून मी विषय काढला की त्याची मीटिंग असते. बाप जाणार हे त्याला पटत नाही, म्हणून आईला राक्षसीण ठरवून मोकळा झालाय. मग आता काय? कागद सापडत नाही म्हणजे माणूस तसं बोललाच नव्हता? जन्मभर या माणसाच्या शब्दावर घर चाललं, आणि आज तोच शब्द मी सांगतेय तर तुला झेरॉक्स हवी?

नियम मला शिकवू नकोस. कागद हातात नसेल तर तुम्हाला प्रयत्न करावाच लागतो, नाहीतर नोकरीवर येतं — माहीत आहे. तुझी जाऊ नये असं मलाही वाटतं. म्हणून तर आत घेत नाही. तू बाहेर आहेस तोवर तुझ्यावर काही नाही. लिही, म्हातारीनं दार अडवलं. पोलीस बोलव. बोलव की — मी कुठं पळतेय, या गुडघ्यांनी?

मागच्या वेळी तुमच्यातल्याच कुणीतरी वाचवलं होतं यांना. वाचवलं म्हणजे — बरगड्या मोडल्या, मशीनवर टाकलं, नळी उपसू नये म्हणून हात पलंगाला बांधले. जन्मभर रंधा मारलेले हात. मी आत गेले की ते त्या पट्ट्यांकडे बघायचे, मग माझ्याकडे. नळी निघाल्यावर पहिलं वाक्य काय, तर — "तू होतीस ना तिथं? मग?" एवढंच. आहे याचं उत्तर तुझ्याकडे? मग त्यांनी तो कागद करून घेतला.

हो, अजून श्वास चाललाय. ऐक ना, इथवर ऐकू येतो. — काय? फोन कुणी केला म्हणजे? शेजाऱ्यांनी केला असेल... अस्सं. बाईचा आवाज होता. हाच. — बरं, मी केला. झालं समाधान? सकाळपासून ही घरघर, मध्येच थांबते, परत सुटते — एकटीला ऐकवेना. हात आपोआप फोनकडे गेला. वाचवा म्हणून नव्हे रे. घरात कुणीतरी असावं म्हणून. आणि फोन ठेवल्याठेवल्या कळलं, काय करून बसले ते. त्यांच्या उशाशी बसायचं, हात धरायचा, ते सोडून इथं दारात तुझ्याशी भांडतेय — आणि बोलावलं कुणी तुला? मीच. पण खांदा लावू नकोस. दार मोडलंस तर उंबऱ्यात आडवी पडेन, मला ओलांडून जावं लागेल, आणि ते तुला जमायचं नाही, तुझ्या तोंडावरच दिसतंय —

थांब. बोलू नकोस जरा.

अहो?

अहो.

...ये आत. सावकाश ये. आता घाई नाही.