उलटे हँगर

"हॅलो?… हां आई, बोल. स्पीकरवर टाकलाय, हात गुंतलेत."

हात खरंच गुंतले होते. टॅम्सिनच्या पलंगावर एका बाजूला उन्हाळा पसरला होता, दुसऱ्या बाजूला हिवाळा, आणि मधल्या चिंचोळ्या गल्लीत फोन. ऑस्ट्रेलियाच्या पार दक्षिणेला, होबार्टमध्ये, थंडी एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणून एप्रिलचा रविवार म्हणजे कपाट बदलायचा रविवार. लोकरीचं खाली, सुती वर. घरोघरी हेच.

"कपाट काढलंय… हो, सगळं… नाही गं, पसारा नाही. म्हणजे आहे. तुझ्यावर गेलेय ना."

"थंडी? आहे की. सकाळी डोंगर पांढरा दिसत होता… नाही, फार नाही. पिठीसाखर भुरभुरल्यासारखा… शेगडी? पंचवीस एप्रिलच्या, अँझॅक डेच्या आधी? आणि बाबा पेटवू देतील? विसरलीस वाटतं इकडचं… हो, घरातच टोप्या घालून बसतो. दोघंही. टीव्हीसमोर, दोन चोरांसारखे."

आई खळखळून हसली. टॅम्सिनला हसू ऐकू आलं, पोहोचलं मात्र नाही. गेल्या हिवाळ्यात आईबाबा वेगळे झाले आणि आई नकाशात पार वर, बारमाही उकाड्याच्या टाउन्सविलला राहायला गेली. तेव्हापासून टॅम्सिनच्या आत बसून बसून मुंग्या आलेल्या पायासारखं काहीतरी होतं. आपलंच, पण चिमटा काढला तरी दुसऱ्याचं.

"काय?… हो, चेनचाच आवाज. बॅग भरतेय… हो, उन्हाळ्याचेच कपडे… अगं ऐक ना… हो, हो… आई, ऐक तर…"

आता आई कसली ऐकतेय. ईस्टरपासून तिचं एकच चाललं होतं: या सत्रापासून माझ्याकडे ये, इथेच शाळेत जा. तिकडच्या शाळेने जागा राखून ठेवली होती आणि उद्या सकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. बॅग आणि उन्हाळ्याचे कपडे, एवढं ऐकल्यावर आईने दोन अधिक दोन करून टाकले: पोरगी येतेय. उन्हाळ्याची बॅग दर एप्रिलला कपाटाच्या डोक्यावर जाऊन बसते, हे तिनेच लेकीला शिकवलं होतं. पण टाउन्सविलला कपाटांना ऋतूच नसतात. एका वर्षाच्या आत ती हे साफ विसरली होती.

"खिडकीजवळची खोली, हो, सांगितलंस… पालींचंही सांगितलंस… चालतात मला पाली. त्या निदान भांडत नाहीत."

गैरसमज लगेच दूर करायला हवा होता. टॅम्सिनला कळत होतं. पण तोंड उघडेना, आणि त्याचं वाईटही वाटेना. हातांचं बरं होतं, त्यांना काम होतं. एक टी-शर्ट घडी, दुसरा घडी.

"लोकरीचे जम्पर?… नाही, तिकडे कशाला लागतील… शाळेचा हिवाळी स्कर्ट इस्त्री करून लटकवलाय… का म्हणजे? असाच."

"कुठला कोट?… हां, तुझा हिरवा. कपाटाच्या टोकाला, तू ठेवलास तिथेच… तुला नकोच का?… देऊन टाकू म्हणतेस… बघते."

"बघितले गं हँगर. तुझा नियम मी मोडेन?"

नियम असा होता. कपाटाचा दांडा आखूड, म्हणून कपडे मोजके. ऋतू सुरू झाला की सगळे हँगर उलटे लटकवायचे, हुक बाहेरच्या बाजूला. कपडा एकदा घातला की परत ठेवताना हँगर सुलटा. ऋतू संपताना जो उलटाच राहिला, तो तुमचा नव्हताच. तो चर्चच्या कोपऱ्यावरच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात. रडारड नाही, अपील नाही. बाबांची लग्नातली पँट याच नियमाने गेली होती आणि तेव्हा बाबाच सगळ्यात जास्त हसले होते.

"उलटे कुठले?… निळी हाफ पँट. तो मासा छापलेला टी-शर्ट, फुकटात मिळालेला… आणि…"

"आणि काही नाही."

"…पिवळा ड्रेस."

"नाही, लहान नाही होत… रंग छानच आहे… नाही आई. एकदाही नाही."

नाताळात पोस्टाने आलेला, चंदेरी कागदात गुंडाळलेला ड्रेस. दर शनिवारी टॅम्सिन तो काढायची, अंगाला लावून बघायची आणि होता तसाच, उलटा, परत लटकवायची. का, ते तिला विचारू नका. तिनेही विचारलं नव्हतं.

पलीकडे आईचा पंखा फिरत होता.

"आई, ही बॅग विमानात नाही जायची. कपाटावर जायचीय. दरवर्षी जाते तशी."

झालं, बोलून झालं. टॅम्सिनला वाटलं होतं छप्पर कोसळेल. मागच्या अंगणात बाबांची कुऱ्हाड लाकडावर पडली, तेवढंच.

"नाही, बाबांनी काही शिकवलेलं नाही. त्यांना माहीतही नाही अजून… मीच… नाही, रागावले नाहीये गं. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं… माझे मित्रमैत्रिणी इकडे आहेत. आणि मला थंडी आवडते. वेडं आहे, पण आवडते."

"रडू नको ना… मी? नाही. मला येतच नाहीये, तेच तर सांगतेय."

"येईन ना. जुलैच्या सुट्टीत, नक्की… काय?… टाकू? ड्रेस?… नियम आहे ते माहितेय मला… थांब. थांब जरा, फोन ठेवू नकोस."

तिने पिवळा ड्रेस हँगरवरून ओढला आणि जाड जम्परवरूनच डोक्यातून घातला. खांद्यावर अडकला, दंडाशी शिवण करकरली. आरशात पिवळा अभ्रा चढवलेली उशी उभी होती, डोक्यावर लोकरी टोपी. टॅम्सिन त्या उशीकडे बघत राहिली. मग आतलं ते काहीतरी हललं. पायातल्या मुंग्या जायला लागतात ना, तेव्हा आधी दुखतं, तसं. तिने नाक बाहीला पुसलं, ड्रेस काढला आणि हँगरवर चढवला.

"हॅलो? आहेस ना?… घातला. जम्परवरून… उशी दिसत होते उशी… हो, हस. हस तू… नाही, सर्दी आहे… आता हँगर सुलटा आहे. म्हणजे नाही द्यायचा कुणाला. बॅगेत सगळ्यात वर ठेवते, जुलैत लागेल."

"शाळेला तूच कळव उद्या… हो… हो, बाबांना मी सांगते."

"आणि आई, कोटही नाही देत मी… नियमात बसतं की. त्याचा हँगर कधीचाच सुलटा आहे."

"…हो, उन्हाळ्यातसुद्धा. संध्याकाळी, एकटी असले की."

"बाह्या?… लांब नाही होत आता."