वळणावर गप्प होणारं इंजिन

मंडळी, ऐका! माणसानं जोर मागावा का? मागावा की! पण दुसऱ्याचा जोर अंगात घेतला, तर त्याच्यासोबत आणखी काय येतं? कधी विचार केलाय? नाही ना? मग कान इकडे द्या.

कराडला दिगंबर शेटे नावाचे कापडदुकानदार. वडिलांची जुनी, छोटी फियाट त्यांच्याकडे. लेक चिपळूणला दिलेली, त्यामुळे घाटातून सारखी ये-जा. पण गाडी म्हातारी! चढ लागला की धापा टाकायची. मागून उसाचा ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न द्यायचा! — हसू नका, तुमच्याही दारात असेल तसली एखादी!

शेटे गॅरेजवाल्या हमीदभाईंकडे गेले. "भाई, इंजिनच बदला. दांडगं घाला!"

हमीदभाईंनी अपघातात चुराडा झालेल्या एका गाडीचं धडधाकट इंजिन आणून बसवलं. म्हणाले, "शेटजी, ताकद वाढली, पण ब्रेक जुनेच आहेत. तेही बदलू."

"पुढच्या वेळी!"

अहो, गाडी काय सुटली! शेजारी बायको, कुमुदताई, जीव मुठीत धरून. भर दुपार, पण घाटात दाट धुकं. दरीकडच्या एका वळणाआधी — गप्प! इंजिन आपोआप बंद! गिअरमधली गाडी कण्हत कण्हत थांबली. किल्ली फिरवली — लगेच सुरू! पुढच्या खेपेला? तेच वळण, तीच गत. हमीदभाईंनी सगळं उघडून पाहिलं. दोष कसलाच नाही!

मग शेटे इरेला पेटले. "आज बघतोच कशी थांबते!" वळण आलं, तसा ॲक्सिलरेटर दाबला. कुमुदताई ओरडल्या, "अहो, नको!" — आणि गप्प! गाडी थांबली. धुक्यात, अगदी समोर, एक म्हातारा उभा!

तो शेट्यांकडे बघेच ना. बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "आलास, आनंदा?"

शेट्यांनी काच खाली केली. "कोण आनंदा, बाबा?"

"माझा ल्योक. हितनंच खाली गेला, गाडीसकट. ह्यो आवाज मी लांबनं वळखायचो. तवा थांबला न्हाई... आता थांबतोय बघा."

शेट्यांनी परत येऊन हमीदभाईंना विचारलं. होय, इंजिन त्याच गाडीचं!

"काढून टाका!" शेटे म्हणाले. कुमुदताई आडव्या आल्या. "त्या बापाचं लेकरू आहे त्यात. ब्रेक बदला."

ब्रेक बदलले. त्यानंतर इंजिन आपणहून कधी बंद पडलं नाही. पण शेटे त्या वळणावर थांबायचे. म्हातारा यायचा, गरम बॉनेटवर हात ठेवून उभा राहायचा.

आणि एका दुपारी — गाडी दुकानासमोर उभी, किल्ली शेट्यांच्या खिशात — इंजिन सुरू झालं! गिऱ्हाइकं दारात आली. आत कोणी नाही! झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं ते हळू चाललं... आणि थांबलं. संध्याकाळी घाटातून निरोप आला. म्हातारा दुपारीच गेला होता.

ते इंजिन पुन्हा सुरू झालं नाही, मंडळी.

आता देवापुढे जाल. जोरच मागाल, मला ठाऊक आहे! मागा. पण तुमची वाट बघत दारात कोण उभं राहतं, त्याचा चेहरा आधी डोळ्यांपुढे आणा. आनंदाला थांबायला मरावं लागलं. तुम्ही — तुम्ही कधी थांबणार?