दगडाची शेवाळी बाजू

या मंडळी, जरा जवळ सरका. नेपाळातल्या खांदबारीच्या जीपच्या रांगेत कर्णबहादुर म्हाताऱ्याच्या कानी पडलेली गोष्ट सांगतो. त्याच्या पुढे मनरूपा आणि तिची नणंद उभ्या होत्या.

"वहिनी, लेकीला मागणी घालणारा, मलेशियात कमावणारा मुलगा नाकारलास? अगं, पारखायला दोघा मुलांना ओढ्यावर धाडलंस, तर त्यानं टोपलीभर मासे आणले. तुझ्या लाडक्यानं आणले दोन! पाहुण्यांनी काय नुसता रस्सा ओरपायचा?"

"ओरपतील. तुमच्या मलेशियावाल्यानं ओढ्यातले सगळे दगड उलटे टाकले, वन्सं."

"दगडाला कसलं आलंय उलटं-सुलटं?"

"बुदुना मासा दगडाच्या पाठीवरचं शेवाळ खातो आणि त्याच्याच पोटाखाली निजतो. दगड उलटला की त्याचं ताट गेलं गादीखाली! पुढच्या साली तिथे मासा फिरकेल का?"

"आणि तुझ्या लाडक्यानं?"

"एकेक दगड होता तसा ठेवला."

"तू काय पाण्यात उतरून बघितलंस?"

"मी कशाला? आपली सुनकेशरी उतरली. दोघं गेल्यावर दगडादगडावरून हात फिरवून आली आणि म्हणाली, 'आई, दोन मासेवाल्याला होकार दे.'"

"मग उभी काय राहिलीस? जीप आली. चल, त्या दोन मासेवाल्याच्या घरी होकार आधी मीच सांगणार!"

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या सुनकेशरीच्या संसारालाही सुख मागा.