बिनकाचेची तसबीर

चेहरा फडक्यावर आला. आधी नुसतं कपाळ लालसर झालं, मग भुवई सरकल्यासारखी वाटली, आणि मी घाबरून आणखी एकदा पुसलं तर डोळा, नाक, गालाच्या सुरकुत्या, सगळं एक होऊन खाली ओघळलं. माझ्या हातातल्या ओल्या फडक्यावर मास्तरांची आई होती आणि कागदावर कुणीच नव्हतं. बाहेर पायरीवर हसनचाचा विडी ओढत बसले होते, त्यांचा खोकला ऐकू येत होता. मी फडक्याची घडी केली आणि कमरेला खोचली. पहिलं काम ते केलं. ओरडले नाही, कुणाला हाक मारली नाही, फडकं लपवलं. ते आधी लिहा, बाकीचं मागनं लिहा.

मी मूळची बुरोंडीची, गोदावरी नाव, गोदी म्हणायचे. बाप माडावर चढायचा, माडी काढायचा. मराठी चौथी शिकले, ती सुद्धा शाळा आमच्या कुडाला लागून होती आणि शाळेत पाणी भरायला कुणीतरी लागायचं म्हणून. चौदाव्या वर्षी रत्नागिरीत दिली. नवरा आगबोटीवर खलाशी. लग्नानंतर दोन महिने घरी होता, मग वर्षातून पंधरा दिवस यायचा, मग तेही बंद झालं, मग चिठ्ठीही बंद झाली. सासू म्हणायची, तुला बघूनच तो दर्यात पळाला. म्हणायची ती म्हणायची, पण जेवायला घालायची. मी कामाला लागले ती चित्रांच्या बंगल्यात.

आता तो बंगला नाही, तुम्हाला दिसायचा नाही. किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर होता. एका पेन्शनर साहेबांनी मरताना बंगला आणि जमवलेल्या सगळ्या तसबिरी गावाला दिल्या, मग गावातल्या शिकलेल्या लोकांनी मंडळ केलं आणि वर्षातून चार वेळा प्रदर्शन भरवायला लागले. गणपतीनंतर मातीकाम, दिवाळीत रांगोळ्या, रथसप्तमीला बायकांचा दिवस, आणि आंब्याच्या दिवसांत मुंबईचे चाकरमानी आले की मोठं प्रदर्शन, तेव्हा व्याख्यानं व्हायची, पडद्यावर दिव्यानं चित्रं दाखवायचे, मुसलमान मोहल्ल्यातली माणसं यायची, मिऱ्या बंदराकडची यायची, सगळी यायची. पावसाळ्यात बंद. तसबिरी उतरवून, कडुनिंबाचा पाला घालून पेटाऱ्यांत ठेवायच्या आणि तरी बुरशी यायची ती यायचीच. झाडणं, पुसणं, पेटारे उन्हात घालणं हे माझं काम. दार आणि चावी हसनचाचांकडे.

चाचा मूळचे नाटे गावचे. पूर्वी गलबतावर होते, पाय मोडला म्हणून किनाऱ्याला लागले. तोंड फार वाईट. मी आले की रोज विचारायचे, काय गो बाय, नवऱ्याची चिठ्ठी आली की नुसतीच बोट आली? मी म्हणायची, तुम्ही आधी सरळ चालून दाखवा मग विचारा. असं आमचं होतं. दुपारी ते मला सुक्या बांगड्याचा तुकडा द्यायचे आणि मी कुणाला सांगायची नाही, कारण बंगल्यात बांगडा भाजायला मंडळाची मनाई होती.

आणि मास्तर. हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे, बंगल्याची सगळी मांडामांड त्यांची. लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि आई. आईला लोकांनी सोवळी केलेली, डोईचे केस काढलेले, अंगावर लाल आलवण, ह्यांच्या जन्माआधीच नवरा गेला होता. लोकांकडे स्वयंपाक करून तिनं ह्यांना शिकवलं. ती फोटो काढू द्यायची नाही, म्हणायची, ह्या अवताराचा फोटो घेऊन तू भिंतीला काय लावणार. पण मुलगा समोर बसून कागदावर काढतो म्हटल्यावर बसली, एक सबंध उन्हाळा बसली, तांदूळ निवडता निवडता. पाण्यातल्या रंगांचं चित्र ते. पावसात ती गेली. मागं तेवढंच राहिलं.

त्या वर्षी रथसप्तमीच्या प्रदर्शनाला मास्तरांनी नुसती बायकांची चित्रं लावायचं ठरवलं. आईची तसबीर त्यांनी बरोबर दारासमोर लावली, आत पाऊल टाकलं की तीच दिसायची. मी शिडी धरली होती. वरून मला म्हणाले, गोदे, हिला जन्मात कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, म्हणून हिला दारासमोर लावतोय. मी होय म्हटलं. मुंबईहून मागवलेली काच बोटीतनं पडावात उतरवताना फुटली होती, दुसरी पुढच्या बोटीला यायची होती, म्हणून तेवढी एक तसबीर बिनकाचेची होती. तेही त्यांनी मला सांगितलं, की हिला पाणी लागू देऊ नकोस. सांगितलं नव्हतं असं नाही.

बायकांच्या दिवशी पुरुषांना आत मनाई. मास्तर त्या दिवशी येत नसत, चाचा फाटकाबाहेर बसायचे. आतलं सगळं ताईसाहेब बघायच्या, मंडळाच्या अध्यक्षांची बायको. बायका यायच्या, विणलेलं भरलेलं बघायच्या, लक्ष्मीच्या, सरस्वतीच्या तसबिरींना काचेवरच हळदकुंकू लावायच्या, वाण घ्यायच्या, जायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओल्या फडक्यानं त्या काचा पुसायची. दर वर्षी पुसायची. हाताला सवय होती.

त्या वर्षी पहिलाच घोळका दारात आला आणि थांबला. पुढची मागे सरकली, मागची म्हणाली, काय झालं, तर पुढची म्हणाली, अगोबाई, सणाच्या दिवशी समोर हे काय. एकीची नवीन सून होती बरोबर, तिच्या डोळ्यांवर सासूनं हात धरला. दोघीतिघी वाण न घेताच परत वळल्या. ताईसाहेबांचा चेहरा उतरला. मला बाजूला ओढून म्हणाल्या, गोदे, काहीतरी कर गो, वायच भिंतीकडे तोंड तरी कर तिचं.

ऐका हां, उलटी कर म्हणाल्या. कुंकू लाव कुणी म्हणालं नव्हतं. उलटी करायला काहीच लागलं नसतं, दोरी होती, खिळा होता, संध्याकाळी सरळ केली असती, कुणाला कळलंही नसतं. पण मला वाटलं, कुणाच्या आईचं तोंड भिंतीकडे करायचं बरं नाही. आणि खरं सांगायचं तर मला चार बायकांत शहाणपण दाखवायची हौस होती. मी म्हटलं, थांबा, आणि माझी मेणाची डबी काढली, अंगठ्यानं तिच्या कपाळावर मेण लावलं आणि वर कुंकू टेकवलं. चांगलं मोठं, रुपयाएवढं. बायका हसल्या. एक म्हणाली, ही बघा म्हातारीला परत सवाष्ण केली हिनं. मग सगळ्या आत आल्या. वाण पुरलं नाही इतक्या आल्या. ताईसाहेब जाताना म्हणाल्या, हुशार आहेस हो, सकाळी मास्तर यायच्या आत तेवढं पुसून टाक.

सकाळी सुक्या फडक्यानं पुसायला गेले तर मेणामुळं कुंकू पसरलं. नाकापर्यंत आलं. मास्तर यायची वेळ झाली. मी फडक्याचं टोक पाण्यात बुडवलं. काय झालं ते सांगितलंय.

मास्तर आले, तसबिरीसमोर उभे राहिले, आणि बसले. खाली फरशीवर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग ताईसाहेब आल्या, अध्यक्ष आले, मंडळातले एक वकील आले. लाल ओघळ होते ते त्यांना वाटलं आलवणाचा रंग सुटलाय. वकील म्हणाले, पाणी उडालंय. मग विचारलं, सकाळी बंगला कुणी उघडला, चावी कुणाकडे होती. चाचांना आत बोलावलं. चाचा मागच्या पडवीत नमाजाआधी हातपाय धुवायचे, पाण्याचा तांब्या तिथंच असायचा. वकील म्हणाले, ह्याला तसबिरी मुळातच चालत नाहीत, हा कशाला जपेल. चाचा इतकी वर्षं त्या तसबिरी पावसापासून वाचवत होते, छत गळलं की स्वतःची घोंगडी पेटाऱ्यावर टाकायचे, ते कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कमरेकडे बघितलं. फडक्याचं लाल टोक बाहेर आलं होतं. मग म्हणाले, चावी माझ्याकडे होती. एवढंच. मास्तरांसकट सगळ्यांनी तो कबुलीजबाब धरला आणि चाचांना कामावरून काढलं. ताईसाहेबांनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. कुंकवाचं तीस-चाळीस बायकांना ठाऊक होतं. एकीनंही घरी सांगितलं नसेल, किंवा सांगितलं असेल आणि घरच्यांनी गप्प बस म्हटलं असेल. मी त्यांना काय बोलू.

तिसऱ्या दिवशी चाचा वळकटी घेऊन निघाले. मी फाटकाशी गेले. म्हटलं, चाचा, तुम्ही बोलला का नाही? म्हणाले, मला विचारलं चावी कुणाकडे होती, ती माझ्याकडे होती. फडकं कुणाकडे होतं ते कुणी विचारलं नाही. आणि तिथंच उभे राहिले. विडी पेटवली. मंडळाची माणसं आत दिवाणखान्यात बसली होती, वीस पावलं असतील फाटकापासून. चाचा अर्धी विडी होईपर्यंत थांबले, मग पुरी होईपर्यंत थांबले. ते कशासाठी थांबलेत ते मला कळत होतं. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. मग मी म्हटलं, सांभाळून जा. ते म्हणाले, हां. आणि लंगडत उतरणीला लागले.

भीती कशाची होती म्हणाल तर काम जाईल याची होती, सासू बाहेर काढील याची होती. भीती खरी होती. पण चाचांना काय पोट नव्हतं का?

त्याच उन्हाळ्यात बोटीच्या कंपनीची चिठ्ठी आली. नवरा रंगूनला तापानं गेला होता. कधी, तर आदल्या पावसाळ्यात. म्हणजे रथसप्तमीला मी मास्तरांच्या आईला कुंकू लावलं तेव्हा मला स्वतःला ते लावायचा अधिकार नव्हता, फक्त ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी बायकांच्या दिवशी ताईसाहेबांनी मला मागच्या दाराशी बसवलं, म्हणाल्या, गोदे, तू समजून घे. मी समजून घेतलं. रीतच होती. चाचा असते तर पडवीत येऊन काहीतरी वाकडं बोलले असते आणि मला रडायला तरी आलं असतं.

बंगल्यात मी पुढं आठ-दहा वर्षं काढली. काच पुढच्या बोटीनं आली होती, ती पेटाऱ्यामागे उभी करून ठेवलेली, मी तीही पुसायची. मास्तरांनी आठवणीनं आई काढायचा प्रयत्न केला, तीनदा, चारदा, दर वेळी फाडून टाकली. दारासमोरचा खिळा तसाच ठेवला, प्रत्येक प्रदर्शनाला तेवढी जागा मोकळी. चाकरमानी विचारायचे, इथली तसबीर कुठं गेली? मास्तर म्हणायचे, भिजली.

मधे एकदा मी नाट्याला गेले, चाचांना सांगायचं म्हणून. काय सांगायचं ते वाटेत मचव्यात बसून मनाशी चारदा म्हटलं. तर चाचा दोन पावसाळ्यांपूर्वीच गेलेले. बहीण होती, जाळं विणत बसली होती. मी तिलाच सगळं सांगितलं, फडक्यापर्यंत सगळं. तिनं ऐकून घेतलं, गाठ मारली, दातानं सूत तोडलं आणि म्हणाली, त्यानं आमच्याकडे कधी तुझं नाव काढलं नाही. आता मला कशाला सांगतेस बाय? मग बस म्हणाली, तिनं भात वाढला. मी जेवले. उपाशी उठले असते तर शोभलं असतं, पण भूक लागली होती.

बंगला बंद व्हायच्या वर्षी, शेवटचं आंब्याच्या दिवसांतलं प्रदर्शन झाल्यावर, तसबिरी उतरवताना मी मास्तरांना सांगितलं. ते शिडीवर होते, मी शिडी धरली होती. सगळं सांगितलं, बायका दारात अडल्या ते, मेण लावलं ते, फडकं ते, चाचा ते. मला वाटलं आता शिव्या देतील, निदान शिडीवरून उतरून एक थोबाडीत मारतील. त्यांनी शिडीवरूनच खाली वाकून बघितलं. मग म्हणाले, म्हणजे तू कुंकू लावलं होतंस तिला? म्हटलं, होय. म्हणाले, मी तिला कुंकू लावलेली कधी पाहिली नाही गो. कशी दिसत होती?

आणि काय सांगू तुम्हाला, मला सांगता येईना. मी बघितलंच नव्हतं. कुंकू टेकवलं आणि वळले, हसणाऱ्या बायकांकडे बघत होते. खोटं सांगता आलं असतं. छान दिसत होती म्हटलं असतं तर त्यांना पुरलं असतं. मी म्हटलं, मी बघितलं नाही मास्तर. ते म्हणाले, बरं. मग म्हणाले, हसनला मात्र मीच घालवला. आणि पुढची तसबीर काढून माझ्या हातात दिली.

आता तुम्ही विचाराल, जड वाटतं का. वाटतं. रोज वाटतं असं नाही, मी काही रोज त्याच्यात बसत नाही, म्हशी होत्या, पुढं दिराची मुलं वाढवली, दिवस जातात. पण ओलं फडकं पिळताना वाटतं. चाचांना जाऊन इतके पावसाळे झाले, मास्तरही गेले, ताईसाहेब गेल्या, त्या दारात थांबलेल्या बायका तर कुठल्या कुठं. मी आहे.